चंद्रकळेतला निळा पट्टा

“काळ्या मातीचा किल्ला कुठं असतोय काय?” रवळूनं हातातला गोळा खाली आपटला. “वाळली की भेगा पडत्यात. पाडव्याला तुझा बुरूज खाली आणि मावळं त्याच्या खाली. लाल माती पायजे, लाल.”

“मग आण की. का सांगली सरकार गाडी भरून पाठवणार हाय तुला?” मष्णू म्हणाला.

शहापूर त्या काळी सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांचं. त्यामुळे शहापुरात कुणाचं काही अडलं की तो आधी सांगली सरकारच्या नावानं बोटं मोडायचा, पोरंसुद्धा.

दिवाळीची सुट्टी नुकतीच लागली होती. तम्मण्णा विणकराच्या अंगणात तिघांचा किल्ला चालला होता. मालू तम्मण्णाची एकुलती एक मुलगी, बारा वर्षांची. मष्णू वडगावच्या विणकराचा मुलगा. बोलण्यात सगळ्यांच्या पुढं आणि अंधार पडला की सगळ्यांच्या मागं, मालूच्या खांद्यावर हात ठेवून. ‘भित्री भागूबाई’ हे त्याचं शाळेतलं दुसरं नाव होतं. रवळू अनगोळच्या शेतकऱ्याचा. मूठभर माती दाखवा, ती कुठल्या शिवारातली ते सांगतो, अशी त्याची फुशारकी होती आणि ती बहुतेक वेळा खरीही ठरायची.

“लाल माती पश्चिमेला,” तो म्हणाला. “बेळगुंदीकडं. रताळी पिकत्यात तिथं.”

एवढ्यात घरातल्या मागाचा खटका थांबला.

“मालू, कांड्या आण गं!” तिच्या आप्पांचा, तम्मण्णाचा, आवाज आला.

कांड्या भरणं, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळणं, हे मालूचं काम. मागावर काळी चंद्रकळा चढली होती. तिच्यासाठी काळ्या सुताच्या कांड्या एका बुट्टीत आणि पुढच्या लुगड्यासाठी गडद निळ्या दुसऱ्या बुट्टीत, अशा तिनं सकाळीच भरून ठेवल्या होत्या. ती आत गेली आणि मागाजवळ थबकली. काळ्याभोर कापडात वीतभर रुंदीचा निळा पट्टा विणला गेला होता.

“आप्पा, ह्ये निळं आलंय.”

“काय निळं?”

“सूत. बुट्टी चुकली तुमची.”

“काळंच हाय.” तम्मण्णानं पट्ट्यावरून बोटं फिरवली. “तीस वर्षं विणतोय मी. विणकर डोळ्यानं न्हाय, बोटानं विणतोय.”

“बोटाला रंग कसा कळंल आप्पा? निळंच हाय ते.”

फाडकन तिच्या गालावर चपराक बसली. आप्पांनी आजवर तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. मालू रडली नाही, इतकं तिला आश्चर्य वाटलं. दारात आई, बायाक्का, उभी होती. तिनं पट्टा पाहिला, नवऱ्याकडं पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

तम्मण्णानं धोट्यातली कांडी काढली आणि दुसरी बुट्टीतली घेतली. दोन्ही घेऊन तो दारातल्या उन्हात जाऊन उभा राहिला. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून. पन्नाशीचा तो धिप्पाड माणूस बराच वेळ तसाच उभा होता.

“मला दोन्ही सारखंच दिसतंय,” तो शेवटी म्हणाला. “दोन वर्षं झाली, धुकं पडल्यागत वाटतंय. म्हटलं, जाईल.”

विणकराचे डोळे गेले म्हणजे माग गेला, आणि माग गेला की त्या घरात उरतं काय? अंगणात मष्णू आणि रवळू मातीचे हात तसेच धरून उभे होते. त्या दिवशी किल्ला तिथंच राहिला.

संध्याकाळी सुबराव आले. ते सूत द्यायचे आणि तयार लुगडी घेऊन जायचे. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःच्या शहाणपणावर त्यांचा फार भरवसा. पट्टा पाहून ते रागावतील असं बायाक्काला वाटलं होतं. ते उलट खूश झाले.

“मोतीबिंदू हाय ह्यो. अरे तम्मण्णा, तुझं नशीब बघ. अनगोळात चिंचेखाली मारुतीराव नेत्रवैद्य येऊन उतरल्यात. सुई लावत्यात, का लगेच दिसतंय. माझ्या डोळ्यादेखत एकाला दिसाया लागलं.”

“सरकारी दवाखान्यात नेऊ या की,” बायाक्का हळूच म्हणाली.

“दवाखान्यात? डोळा उपटून हातात देत्यात म्हणं. शिवाय महिनाभर माग बंद. मी सांगतो वैद्यांना. तेरवाचा दिवस धरा.”

बोलून चालून सुबराव. त्यांच्या शब्दापुढं शहापुरात कुणी शब्द काढत नसे.

दुसऱ्या दिवशी तिघंही अनगोळला गेली. चिंचेखाली ही गर्दी. मधे एका दगडावर आण्णाप्पा नावाचे म्हातारे बसले होते. रवळूच्या शेजारचे, तीन वर्षांत त्यांना आपली गाय ओळखता आली नव्हती. वैद्य उंच, भगवा फेटा, आवाज गोड. त्यांनी सुई धोतराला पुसली. मालूनं डोळे मिटून घेतले. आण्णाप्पांच्या तोंडून एक लांब कण्हणं आलं आणि मग सगळं शांत झालं.

“आजोबा, घाबरू नका. बघा इकडं. किती बोटं?”

“तीन,” आण्णाप्पा म्हणाले. मग त्यांचा आवाजच फुटला. “तीन हाईत. अरे, तीन हाईत की!”

लोकांनी जयजयकार केला. बायांनी डोळे पुसले. मालूलाही रडू आलं. आप्पा असेच म्हणतील, असंच आपलं तोंड बघतील, असं तिला वाटलं. वैद्यांनी लगेच डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधली.

“आठ दिवस पट्टी सोडायची नाही. आंबट खायचं नाही, ताक नाही. शिंकायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. पथ्य मोडलं तर गुण येणार नाही. मग मला बोल लावू नका.”

रवळूचं तिकडं लक्षच नव्हतं. तो वैद्यांच्या छकड्याजवळ उकिडवा बसून एका पोत्याकडं बघत होता. पोत्यात रताळी होती आणि रताळ्यांना लाल माती चिकटली होती.

“कुठनं आलासा वैद्यबुवा?” त्यानं विचारलं.

“धारवाडकडून, बाळ. सरळ धारवाडहून इथं.”

रवळूनं मालूचा हात दाबला. धारवाडच्या वाटेवर सगळी काळी माती, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं गप्प बसायची खूण केली, पण मष्णूच्या जिभेला हाड नव्हतं.

“मग बेळगुंदीची रताळी कशी हो पोत्यात? तिथं किती जणांस्नी सुई लावलासा?”

वैद्यांचा हात क्षणभर थांबला. ते हसले, पण डोळे हसले नाहीत. “बाजारात घेतली रे,” ते म्हणाले आणि पुढच्या माणसाकडं वळले.

परतीच्या वाटेवर मालूच्या डोक्यात तीच रताळी घोळत होती.

“इथं तर तीन बोटांसाठी एवढा जयजयकार,” ती म्हणाली. “मग बेळगुंदीत पण झाला असंल की. ज्या गावात आपलं नाव झालं, त्या गावाचं नाव कोण लपवतंय?”

“ज्येचं तिथं काय तरी बिघडलंय त्यो,” रवळू म्हणाला.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा सुबराव तिथंच होते. ते पोट धरून हसले. “रताळ्यावरनं वैद्याची पारख! तम्मण्णा, लेकीला शाळंत घातलास त्याचं फळ बघ.” आप्पा हसले नाहीत, पण म्हणाले, “मालू, मला दिसायला पायजे गं. कसंबी करून दिसायला पायजे.” त्या आवाजापुढं तिला पुढं बोलवेना.

पहाटे तांबडं फुटायच्या आधी तिघं निघाली. “किल्ल्याला लाल माती आणायला जातोय,” असं तिनं आईला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. रवळू पुढं, मधे मालू, तिच्या खांद्याला धरून मष्णू. वाटेतल्या खड्ड्यात तो दोनदा पडला.

“केवढा खड्डा हुता, दिसला न्हाय व्हय रं?” रवळू चिडला.

“तुला दिसतोय काय अंधारात?”

“दिसतोय की! मालूला पण दिसतोय.”

मष्णूनं मालूचा खांदा आणखी घट्ट धरला. उजाडलं तसा त्यानं खांदा सोडला आणि पुन्हा बडबड सुरू केली.

ऊन चढेपर्यंत चालून पाय भरून आले तेव्हा वाट लाल झाली. बेळगुंदीच्या शिवारात रताळी काढायचं काम चाललं होतं. वैद्यांचं नाव काढलं की बाया मान खाली घालून कामाला लागत. शेवटी एकीनं एक घर दाखवलं.

तिथं ओसरीवर भावकू नावाचा माणूस तोंडावर ओलं फडकं टाकून पडला होता. डोळ्यातून पू वाहत होता. “वैद्याचा काय दोष न्हाय,” तो कण्हत म्हणाला. “बोटं दिसली की मला. चार हुती. मग मी ताक प्यालो. पथ्य मोडलं माझंच.”

पलीकडच्या घरातल्या म्हातारीला शिंक आली होती. तिचं म्हणणं, त्या शिंकेनं डोळा गेला. ती कुणाला सांगत नव्हती. सून म्हणेल, एवढंसुद्धा सांभाळता आलं नाही.

तिसरं घर अंबूबाईचं. चाळिशीची बाई, भिंतीला टेकून शेंगा फोडत होती आणि फोलपटं चाचपडत बाजूला करत होती. दोन्ही डोळे उघडे होते, पण तिच्या समोर मालू उभी राहिली तरी ते हलले नाहीत.

“मी रडले गं,” ती म्हणाली. “पोराचं तोंड दिसंल या आनंदानं पट्टीच्या आत रडले. रडू नको म्हणून सांगितलं हुतं त्येनं. डोकं असं ठणकायचं, वाटायचं भिंतीवर आपटावं. आठव्या दिवशी पट्टी सोडली तर काळोख. त्यो तर तिसऱ्या दिवशीच गाव सोडून गेलता.”

मालू तिच्यापुढं खाली बसली.

“मावशी, भावकूमामा ताक प्यायले. पलीकडच्या आजी शिंकल्या. तुम्ही रडलासा. गावात एकाचं तरी पथ्य नीट झालं काय?”

अंबूबाईचे हात थांबले.

“आठ दिवस न शिंकता, न रडता कोण राहील हो?” मालू म्हणाली. “कुणालाच जमणार न्हाय असं पथ्य सांगितलं त्यानं. म्हंजे डोळा गेला की ज्येचं त्येनं आपल्यालाच दोष द्यायचा आणि तोंड मिटून गप्प बसायचं.”

एवढे दिवस अंबूबाई स्वतःलाच खात होती. मग तिनं सूप बाजूला सारलं आणि भिंत धरून उठली.

“ज्योतिबा,” तिनं आपल्या मुलाला हाक मारली. “गाडी जुंप. मला अनगोळला न्हे.”

ज्योतिबा वीस वर्षांचा, बैल तगडे, पण गाडी ती गाडीच. मालूला वाटत होतं, खाली उतरून पुढं पळत सुटावं. उद्या आप्पांची पाळी, म्हणजे अजून वेळ आहे, असं ती मनाला बजावत होती. मन ऐकत नव्हतं. वाटेत तिघांनी अंबूबाईनं दिलेल्या शेंगाही खाल्ल्या नाहीत. मष्णूनंसुद्धा नाहीत, यावरून काय ते समजावं.

उन्हं कलली तेव्हा अनगोळ आलं. रवळूची आई बांधावर भेटली.

“अगं मालू, कुठं हुतीस? वैद्य आजच निघालेत म्हणं. तुझ्या आप्पाला सकाळीच निरोप आलता. सुबराव घेऊन गेलेत चिंचेकडं.”

मष्णूचं तोंड पांढरं पडलं. “माझ्यामुळं,” तो पुटपुटला. “मी इचारलं म्हणून त्यो घाईनं निघालाय.” त्याला उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही. मालू गाडीतून उडी मारून धावत सुटली होती.

चिंचेखाली कालच्याएवढीच गर्दी. दगडावर आप्पा. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून झाली होती. आईनं त्यांचा हात धरला होता. सुबराव सगळ्यांना सांगत होते, “दोन बोटं बरोबर सांगितली. माझ्या डोळ्यादेखत.” आणि वैद्य उजव्या डोळ्यासाठी सुई धोतराला पुसत होते.

“आप्पा, उठा!” मालूनं गर्दीतून मुसंडी मारून आप्पांचा दंड धरला. “उठा. दुसरा डोळा देऊ नका.”

“पोरीला बाजूला घ्या,” वैद्य म्हणाले. “हात हलला तर माझा दोष नाही.”

सुबरावांनी तिला ओढलं. ती सुटायला बघत होती, ओरडत होती, आणि लोक ‘काय कार्टं आहे’ म्हणून बघत होते. आप्पांचं तोंड वर उचललेलं, उघडा डोळा आकाशाकडं. आणखी एक क्षण गेला असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

“थांब.”

गर्दी आपोआप दुभंगली. रवळूच्या आणि ज्योतिबाच्या खांद्यावर हात ठेवून अंबूबाई येत होती. ती दगडापाशी येऊन थांबली.

“बोल की वैद्या. तुझा आवाज ऐकाया आलेय.”

“कोण या बाई? मी यांना ओळखत नाही.”

“ह्योच,” अंबूबाई म्हणाली. “ह्योच गोड आवाज. बेळगुंदीत देवळाम्होरं मला म्हणालास, बाई, किती बोटं? मी म्हणाले, दोन. तवा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.” तिनं तोंड पुढं केलं. “आता इचार. आता इचार की मला, किती बोटं हाईत.”

वैद्यांचा हात सुईसकट खाली आला. त्या उघड्या, न हलणाऱ्या डोळ्यांकडं गर्दी बघत होती, आणि मग एकेक जण आण्णाप्पांच्या घराकडं वळून बघायला लागला.

वैद्य छकड्याकडं सरकले. छकड्याचा बैल सोडलेला होता आणि त्याचा कासरा मष्णूच्या हातात होता. तो कधी तिकडं गेला हे कुणालाच कळलं नव्हतं. “मी बोललो म्हणून घाई झाली,” तो नंतर म्हणाला, “म्हटलं, आता न बोलता कायतरी करावं.” सुबरावांनी वैद्याची मानगूट धरली. पाटलाच्या माणसांनी त्याला चावडीवर नेलं. पुढं काय झालं ते सांगायला हवं, पण खरं सांगायचं तर मालूला त्याची पर्वा नव्हती. तिला फक्त आप्पांचा डावा डोळा दिसत होता, पट्टीखालचा.

त्याच गाडीतून ते सगळे बेळगावच्या सरकारी दवाखान्यात गेले, आण्णाप्पाही. सुबराव गाडीमागून चालत होते.

डॉक्टर ठेंगणे, टक्कल पडलेले, बोलण्यात तुटक. त्यांनी पट्टी सोडली, डोळा पाहिला आणि ओठ घट्ट मिटले.

“भिंग आत ढकललंय. सुई घाण होती.”

“म्हंजे काय डॉक्टरसाहेब?” मालूनं विचारलं.

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग तिला खरंच समजून घ्यायचं आहे असं वाटलं असावं, कारण ते स्टूल ओढून खाली बसले. “बुबुळाच्या मागं एक छोटं भिंग असतं, स्वच्छ पाण्यासारखं. वयानं ते गढूळ होतं. तोच मोतीबिंदू. आम्ही ते बाहेर काढतो. हे लोक काढत नाहीत, डोळ्यातच मागं पाडतात. दारातला दगड ढकलून घरात टाकावा तसं. दार उघडतं, उजेड येतो, बोटंही दिसतात. पण दगड घरातच राहतो. डोळा सुजतो, नाहीतर पू होतो, नाहीतर आतला दाब वाढतो.”

“आणि ताक प्याल्यानं?”

“ताकानं काही होत नाही.”

अंबूबाई बाकावर बसून ऐकत होती. “रडल्यानं?” तिनं विचारलं.

“नाही बाई. रडल्यानंही नाही.”

तिचे डोळे त्यांनी कितीतरी वेळ तपासले. दाब वाढून डोळ्यामागची नस मेली होती, त्याला काचबिंदू म्हणतात, आणि मेलेली नस कुठलाही डॉक्टर जिवंत करू शकत नाही, हे त्यांनी तिला सरळ सांगितलं. अंबूबाईनं मान हलवली. “माझा दोष न्हवता एवढं कळलं,” ती म्हणाली आणि तिथं, सगळ्यांसमोर, पोटभर रडली.

आण्णाप्पांच्या डोळ्याला औषधं चालू झाली. थोडा उजेड टिकला, गाय काही ओळखता आली नाही. तम्मण्णाचा डावा डोळा पाच दिवस पेटत राहिला. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात त्यांचं विव्हळणं ऐकत मालू आणि तिची आई बसून राहायच्या. घरोघर आकाशकंदील लागले, फटाके वाजले, किल्ल्याचा बुरूज रवळूनं सांगितल्याप्रमाणे खाली आला. डावा डोळा गेला.

“उजव्याचं ऑपरेशन करतो,” डॉक्टर म्हणाले. “पण तुमचा निर्णय. मी देव नाही.”

आप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते. एक डोळा सुईनं गेला, आता दुसऱ्यालाही शस्त्र लावायचं म्हणजे माणूस घाबरणारच. मालूलाही भीती वाटत होती. यात काही चुकलं तर पुढं काहीच नव्हतं.

“तुम्ही पण पट्टी बांधणार?” तिनं विचारलं.

“हो.”

“आठ दिवस?”

“साधारण तेवढीच.”

“पट्टी सोडताना तुम्ही असाल न्हवं इथं?”

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. “मी कुठं जाणार? या भिंतीमागंच माझं घर आहे. माझी बायको रोज ओरडते ते तुला ऐकू येत असेल.”

भिंतीकडून आप्पांचा आवाज आला. “करा डॉक्टरसाहेब.”

ते दिवस कसे गेले ते विचारू नका. मष्णू आणि रवळू रोज यायचे. एकदा दिवे लागायच्या वेळी मष्णू वऱ्हांड्याच्या पायरीवरून कोसळला आणि डॉक्टरांनी त्याला बकोटीला धरून आत नेलं.

“याला संध्याकाळनंतर दिसत नाही. रातांधळेपणा आहे. किती दिवस अंधारात असा चाचपडतोय?”

“मला वाटलं, सगळ्यांस्नीच दिसत न्हाय,” मष्णू म्हणाला. “आणि ही सगळी उगंच शूरपणा दाखवत्यात.”

त्याला माशाचं तेल मिळालं, आणि रोज शेवग्याचा पाला आणि पपई खायचा हुकूम. तेलाला असा वास होता की त्यापेक्षा भित्री भागूबाई बरी, असं त्यानं जाहीर केलं. रवळूनं मात्र ते नाव पुन्हा कधीच घेतलं नाही.

पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरांनी बोटं दाखवली नाहीत. “समोर कोण आहे?” एवढंच विचारलं.

आप्पा डोळा बारीक करून बघत राहिले. “धुरकट हाय. पण मालू हाय. रडालीय.”

जाड भिंगाचा चष्मा यायला थंडी पडली. तो लावून तम्मण्णा घरी आला त्या दिवशी अर्धी गल्ली अंगणात जमली होती. सुबरावही होते, हातात फेटा धरून. “पोरांनो,” ते म्हणाले, “माझ्या डोळ्यादेखत, माझ्या डोळ्यादेखत म्हणून मी गावभर सांगत सुटलो. खरं दिसलं ते तुम्हांला.” एवढं बोलून त्यांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. बेळगुंदीहून ज्योतिबानं पोतंभर लाल माती आणून टाकली होती, दिवाळी होऊन गेली असली तरी.

“आंधळा मागतो एक डोळा,” आप्पा लोकांना हसून म्हणाले, “आणि देवानं माझ्या बाबतीत मोजून एकच दिला.” हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला आणि ते आत गेले.

मागावर चंद्रकळा तशीच होती. त्या दिवसापासून तिला कुणी हात लावला नव्हता. तम्मण्णा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, चष्मा सावरला आणि कापडावर वाकला. त्याचं बोट काळ्यावरून सरकत आलं आणि थांबलं.

“मालू.”

ती जवळ गेली.

“ह्ये निळं हाय.”

“व्हय आप्पा.”

“लई निळं हाय गं. एवढं निळं मी जन्मात कधी बघितलं न्हवतं.” त्यांचा हात वर आला आणि तिच्या गालावर टेकला, जिथं त्या दिवशी चपराक बसली होती तिथं. दारात बायाक्कानं पुन्हा पदर तोंडाशी नेला.

“उसवू या काय पट्टा?” मालूनं विचारलं.

“नगं. ह्ये लुगडं विकायचं न्हाय. तुझ्या आईला ठेवू या.” त्यांनी धोटा उचलला आणि नजर कापडावरच ठेवून हात मागं केला. “कांडी दे. काळी.”

मालूनं बुट्टीतली कांडी त्यांच्या तळहातावर ठेवली. आप्पांनी ती उजेडात धरून पाहिली नाही. सरळ धोट्यात घातली आणि माग चालू केला.